मतभेद-प्रश्न

अमेरिका व कॅनडातील विधिशिक्षणसंस्थांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या लॉ स्कूल अ‍ॅडमिशन टेस्ट अर्थात एलसॅट या परीक्षेतील तर्कविभागाचा एक प्रश्नप्रकार. दोन व्यक्तींची चार-सहा ओळींची म्हणणी एकाखाली एक दिलेली असतात आणि त्या दोघांत नेमका कशाबद्दल मतभेद आहे, हे पाच पर्यायांतून ओळखायचे असते. कोणाचे म्हणणे बरोबर, हे विचारलेले नसते. ‘दोघे कशावर सहमत आहेत’ असे विचारणारा उलट प्रकारही क्वचित येतो. त्याची रीत हीच.

एलसॅट प्रथम २८ फेब्रुवारी १९४८ रोजी घेण्यात आली. जून १९९१ मध्ये १२० ते १८० हे आजचे गुणमान लागू झाले आणि त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या जुन्या प्रश्नसंचांत हा प्रकार सुमारे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून आढळतो. तर्कविभागाला ३५ मिनिटे असतात व प्रश्न सुमारे २५. म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिटाहून थोडा कमीच वेळ. मतभेद-प्रश्न एका परीक्षेत बहुधा एक ते तीन असतात. ऑगस्ट २०२४ पासून ‘लॉजिक गेम्स’ म्हणून ओळखला जाणारा विश्लेषणविभाग वगळण्यात आला आणि गुणांसाठी दोन तर्कविभाग व एक वाचनविभाग एवढेच धरले जाऊ लागले. त्यामुळे तर्कविभागाचे, आणि ओघाने या प्रश्नाचेही, वजन वाढले आहे.

स्वरूप : बरोबर पर्यायाने दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात. त्या पर्यायातील विधानाबद्दल दोघांनीही काही मत बांधलेले असले पाहिजे, आणि ती मते परस्परविरुद्ध असली पाहिजेत. पहिली अट सोपी दिसते. चुका मात्र बहुतेक तिच्यातच होतात. पुढील उदाहरण याच धर्तीवर रचले आहे.

सुलभा : तळ्याभोवती वाहनबंदी केल्यापासून चित्रबलाक पुन्हा येऊ लागले आहेत. काठच्या दुकानांची विक्री घटली हे खरे, पण पक्षी परत यावेत म्हणूनच तर ही बंदी होती. तेव्हा ती चालू ठेवावी.

मनोहर : त्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि तळ्यात मासळी वाढली, म्हणून चित्रबलाक आले. बंदी नसती तरी ते आलेच असते. शेजारच्या तळ्यावर वाहने सर्रास फिरतात, तेथेही ते आलेच आहेत.

‘चित्रबलाक परत आले’ हा पर्याय बाद होतो, कारण ते दोघांनाही मान्य आहे. ‘दुकानांची विक्री घटली’ यावर मनोहर काहीच बोलत नाही. ‘त्या वर्षी पाऊस भरपूर झाला’ यावर सुलभा बोलत नाही. ती तो नाकारत असेल असे मानायला आधार नाही. राहिले दोन. ‘वाहनबंदी चालू ठेवावी’ हा पर्याय घाईतल्या वाचकाला ओढून घेतो, कारण सुलभेच्या म्हणण्याचा शेवट तोच आहे आणि मनोहर तिला खोडून काढतो आहे. पण मनोहर खोडतो ते तिचे कारण. बंदी उठवा, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. रस्त्यावरील अपघात टळतात म्हणून ती त्यालाही हवी असू शकेल. शेवटचा पर्याय ‘चित्रबलाक परतले ते वाहनबंदीमुळे’ हा. सुलभा हे वाक्य तोंडाने उच्चारत नाही, तरी ते मानल्याशिवाय तिचे ‘तेव्हा’ उभेच राहत नाही. मनोहर ते स्पष्टपणे नाकारतो. उत्तर हेच.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते : एखाद्याचा युक्तिवाद दुबळा ठरवणे म्हणजे त्याचा निष्कर्ष खोटा ठरवणे नव्हे. या प्रश्नप्रकाराची सारी धार या भेदावर आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बांधिलकीची कल्पना : प्रश्नाचे शब्द दोन तऱ्हांचे असतात. एका तऱ्हेत ‘दोघांची विधाने त्यांना अमुक बाबतीत असहमत होण्यास बांधतात’ असे म्हटलेले असते. दुसऱ्या तऱ्हेत ‘विधानांवरून सर्वाधिक आधार मिळतो तो कोणत्या मतभेदाला’ असे. पहिली तऱ्हा कडक आहे : मत उघड बोललेले तरी हवे किंवा बोललेल्यातून अटळपणे निघणारे तरी. दुसरीत वरील सुलभेच्या ‘तेव्हा’सारखी गृहीत धरलेली कारणेही चालतात. तयारी करून घेणारे शिक्षक हा फरक पुष्कळदा गौण मानतात. तो तसा नाही, विशेषतः दोन पर्याय अखेरपर्यंत तग धरून राहतात तेव्हा.

‘बांधणे’ या क्रियापदामागील विचार ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या बांधिलकीच्या कल्पनेशी जुळतो. संवादातील प्रत्येक वक्त्याच्या नावे, त्याने मान्य केलेल्या विधानांचा एक साठा असतो, असे त्यांनी मानले. वक्ता मनात काय मानतो याच्याशी या साठ्याला कर्तव्य नाही. त्याने काय पत्करले एवढेच पाहायचे. मतभेद-प्रश्न सोडवणारा हेच करत असतो.

संख्यावाचक शब्दांबाबत विशेष दक्षता लागते. एकजण ‘सर्व’ म्हणतो व दुसरा ‘सर्व नाहीत’ म्हणतो, तेव्हा ‘बहुतेक’ याविषयी त्यांच्यात मतभेद आहे असे म्हणता येत नाही. दुसऱ्याला ‘बहुतेक’ मान्य असू शकेल. मात्र पहिला ‘सर्व’ आणि दुसरा ‘एकही नाही’ म्हणत असेल, तर दोघांची विधाने एकाच वेळी खोटी असू शकत असली तरी ‘बहुतेक’वर त्यांचा विरोध खराच आहे. परंपरागत तर्कशास्त्रात व्याघात (दोन विधाने एकदम खरीही नसतात, एकदम खोटीही नसतात) व विरोध (एकदम खरी नसतात, पण एकदम खोटी असू शकतात) असे जे दोन संबंध सांगतात, त्यांतील कोणताही येथे पुरतो. पर्यायातील विधान तेवढे एकाने स्वीकारलेले व दुसऱ्याने नाकारलेले हवे.

पूर्वपीठिका : मतभेदाचा नेमका मुद्दा शोधण्याची ही कल्पना कोठून आली, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते तिचे मूळ ग्रीक वक्तृत्वशास्त्रात आहे. टेम्नॉसच्या हर्मागोरसने, बहुधा इ. स. पू. दुसऱ्या शतकात, वादाचा ठाव घेण्याची चौकट घातली : कृत्य घडले काय, त्याला काय म्हणावे, ते योग्य की अयोग्य, आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला. त्याचे ग्रंथ उरलेले नाहीत. ती चौकट मुख्यतः सिसेरो व क्विंटिलियन या रोमन लेखकांच्या लेखनातून कळते. दुसरे मत आधुनिक नीतिमीमांसेकडे बोट दाखवते. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स स्टीव्हन्सन यांनी १९४४ मध्ये वस्तुस्थितीविषयीचा मतभेद आणि वृत्तींमधील मतभेद वेगळे केले. परीक्षेतील काही प्रश्न वस्तुस्थितीचे व काही ‘करावे-करू नये’ या धर्तीचे असतात, हे खरे; पण दोन्ही प्रकारांत विधान स्वीकारले की नाकारले एवढेच तपासायचे असल्याने स्टीव्हन्सन यांचा भेद सोडवणाऱ्याला फारसा उपयोगी पडत नाही.

तिसरे मत न्यायालयीन कामकाजाचे, आणि परीक्षा विधिशिक्षणासाठी असल्याने ते अधिक संभाव्य वाटते. इंग्रजी कायद्यात दोन्ही पक्षांच्या निवेदनांतून अखेरीस जे बाहेर पडते, तोच वादाचा मुद्दा. भारतात ही रीत कायद्याच्या शब्दांतच आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश १४, नियम १ प्रमाणे वस्तुस्थितीचे वा कायद्याचे एखादे महत्त्वाचे विधान एक पक्ष प्रतिपादन करतो व दुसरा नाकारतो, तेव्हा वादमुद्दा उद्भवतो. आणि अशा प्रत्येक विधानाचा स्वतंत्र मुद्दा काढायचा असतो. वादीचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत समोर ठेवून मुद्दे काढणारे न्यायाधीश आणि एलसॅटचा परीक्षार्थी यांच्या कामातील सारखेपणा लक्षणीय आहे. अर्थात साम्य आहे म्हणून ऋण सिद्ध होत नाही.

भारतीय तर्कपरंपरेत या कल्पनेला ‘विप्रतिपत्ति’ असा नेमका शब्द आहे. मराठीतील ‘मतभेद’ हा शब्द रुसव्याफुगव्यापासून पक्षफुटीपर्यंत सगळ्यालाच लागू पडतो, म्हणून हा जुना शब्द विसरला जाऊ नये. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत (काळ सामान्यतः इसवी सनाची पहिली दोन शतके मानतात; काही अभ्यासक मूळ भाग आणखी मागे नेतात) संशयाच्या कारणांत विप्रतिपत्तीची गणना आहे. भाष्यकार वात्स्यायन उदाहरण देतो ते आत्म्याचे : एक दर्शन म्हणते आत्मा आहे, दुसरे म्हणते नाही. विषय एक, विधाने विरुद्ध. संशयाची कारणे वात्स्यायनाने पाच मानली, तर पुढचा टीकाकार उद्द्योतकर याने ती तीनवर आणली. विप्रतिपत्ति मात्र दोघांच्याही यादीत राहिली. पुढे मधुसूदन सरस्वतींच्या अद्वैतसिद्धी या वेदान्तग्रंथात, साधारणतः सोळाव्या शतकात, वादाला तोंड लागण्यापूर्वी मध्यस्थाने विप्रतिपत्तिवाक्य मांडणे आवश्यक आहे काय, हीच चर्चा आरंभी येते. एलसॅटशी या परंपरेचा ऐतिहासिक संबंध नाही, परंतु कल्पनेचे विश्लेषण येथे अधिक खोल गेलेले आहे.

मौनाचा अर्थ : एलसॅट, दिवाणी न्यायालय आणि न्यायसूत्रे या तिन्ही ठिकाणी न बोललेल्याचे काय करायचे, याचे नियम वेगळे आहेत आणि विधिक्षेत्रातून आलेल्या परीक्षार्थ्याची गफलत येथेच संभवते. दिवाणी संहितेच्या आदेश ८, नियम ५ नुसार कैफियतीत स्पष्टपणे वा अपरिहार्य अर्थाने न नाकारलेले कथन, काही अपवाद सोडता, मान्य समजले जाते. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात उत्तर न सुचणे म्हणजे अप्रतिभा हे निग्रहस्थान, म्हणजे पराभवाचे स्थान आहे; प्रतिपक्षाने तीनदा उच्चारलेले व सभेला कळलेले म्हणणे परत न उच्चारणे हेही निग्रहस्थानच. एलसॅटमध्ये मौनाला यांपैकी कोणताही अर्थ नाही. जो बोलला नाही त्याचे त्या बाबतीत मतच धरायचे नाही : मान्यता नाही, नकारही नाही.

म्हणून रूढ पद्धत अशी, की प्रत्येक पर्याय घेऊन पहिल्या वक्त्याला ‘होय की नाही’ विचारावे, मग दुसऱ्याला. एकाकडूनही उत्तर येत नसेल तर पर्याय तेथेच सोडावा. बहुतेक वेळा दुसऱ्या वक्त्यापासून सुरुवात करणे वेळ वाचवते, कारण त्याचे म्हणणे सहसा आटोपशीर असते आणि तो ज्यावर बोललाच नाही असे दोन-तीन पर्याय लगेच गळतात.

भारतात : एलसॅट घेणाऱ्या लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिलतर्फे भारतासाठी एलसॅट-इंडिया ही वेगळी परीक्षा २००९ ते २०२४ या काळात घेतली जात असे व तीतही दोन तर्कविभाग होते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश ज्या क्लॅट परीक्षेवर होतात, तिच्यात २०२० पासून उताऱ्यांवर आधारित तर्कप्रश्न असतात. ‘लेखक पुढीलपैकी कशाशी असहमत असेल’ असे प्रश्न त्यांत येतात. मात्र तेथे बोलणारा बहुधा एकच असतो.