अ‍ॅन्युइटी घेतली की पैसे बुडतात?

"पेन्शन प्लॅन घेऊ नका, माणूस गेला की सगळे पैसे कंपनी गिळते," हे साखर पेठेत मी लहानपणापासून ऐकत आलोय. हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी लोक म्हातारपणाची पुंजी भलतीकडे ठेवतात.

विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि तहहयात ठरलेली रक्कम घ्यायची, ही अ‍ॅन्युइटी. फॉर्मवर पर्याय असतात. नुसतं 'तहहयात' निवडलं तर मृत्यूनंतर खरंच काही मिळत नाही. 'खरेदी किंमत परत' निवडलं तर मूळ रक्कम वारसाला मिळते. संयुक्त पर्यायात आपल्यामागे जोडीदाराला पेन्शन चालू राहते. या दोन्हींत नुसत्या 'तहहयात'पेक्षा दरमहा हाती थोडं कमी येतं. शेजारच्या मावशींना मी फॉर्मवरच्या त्या रकान्यावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

खरी उणीव वेगळीच आहे. बहुतेक पर्यायांत पेन्शनचा आकडा कायम तोच राहतो, महागाई वाढत जाते. म्हणून सगळी पुंजी यात घालू नका. साठीनंतर पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. बँकेतल्या ठेवींना व्याजासह, एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतही. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही, व्याज कितीही जादा देत असली तरी.