फ्लूची औषधे: नेम विषाणूवरून पेशीकडे

इन्फ्लुएन्झावरचे पहिले औषध, अमॅन्टाडिन, अमेरिकेत १९६६ मध्ये मान्य झाले. विषाणूच्या एम-२ या प्रथिनातली प्रोटॉनची वाट ते बुजवते. पण त्या प्रथिनातले ३१व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले की औषध निकामी होते. २००९ मध्ये पुण्याने ज्या स्वाइन फ्लूचा धसका घेतला, त्याच्या विषाणूत हा बदल आधीपासूनच होता, म्हणून सगळी मदार टॅमीफ्लूवर राहिली. त्याच्या आदल्याच हंगामात नेहमीच्या एच१एन१ विषाणूने टॅमीफ्लूलाही अशाच एका बदलाने चकवले होते.

मग जो स्वतःचे रूप इतक्या सहज पालटतो त्याच्यावर नेम धरण्यापेक्षा, ज्या पेशीत तो वाढतो तिच्याकडेच का पाहू नये, हा विचार पुढे आला. कर्करोगाच्या अभ्यासामुळे पेशीतली राफ, मेक आणि अर्क या किनेजांची (फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांची) साखळी तोवर चांगली परिचयाची झाली होती. एकाने दुसऱ्याला फॉस्फेट जोडायचा आणि वाढीचा निरोप केंद्रकापर्यंत पोचवायचा, हे तिचे काम. २००१ मध्ये जर्मनीतील श्टेफान लुडविग, श्टेफान प्लेश्का, ऑलिव्हर प्लान्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यू०१२६ या रसायनाने मेक बंद करून पाहिले. विषाणूची जनुकद्रव्ये केंद्रकात तयार होतात आणि नव्या कणांत भरली जाण्यासाठी त्यांना बाहेर पेशीद्रवात यावे लागते. मेक बंद असताना ती केंद्रकातच अडकून पडली आणि नवे विषाणू फारच कमी निघाले. पुढे कळले ते अधिक मासलेवाईक आहे: विषाणूचे हिमॅग्लुटिनिन हे पृष्ठभागावरचे प्रथिन पेशीच्या पटलात साचू लागले की त्यानेच ही साखळी चेतवली जाते, म्हणजे बाहेरची बांधणी होत आली की आतला माल हलवण्याचा इशारा मिळतो. प्रयोगशाळेत विषाणूच्या अनेक पिढ्या या रसायनासोबत वाढवूनही त्याला दाद न देणारे वाण उभे राहिले नाहीत.

अडचण उघड आहे. ही साखळी आपल्याही कामाची आहे. मेक रोखणाऱ्या कर्करोगाच्या औषधांनी पुरळ येतात, डोळ्यांना त्रास होतो. फ्लूसाठी मात्र उपचार थोड्याच दिवसांचा असतो, हा समर्थकांचा युक्तिवाद मला रास्त वाटतो. झॅप्नोमेटिनिब हे मेक रोखणारे, या वाटेवरचे औषध कोविडच्या रुग्णांवर तपासले गेले, पण ती चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली आणि निर्णायक फरक हाती लागला नाही.

कोविडवर मे २०२२ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली ती संधिवातावरच्या बॅरिसिटिनिबला. तेही पेशीतला जॅक हा संकेतमार्गच रोखते. पण त्याचा गुण मुख्यतः भडकलेला दाह शमवण्यात आहे, विषाणूची वाढ अडवण्यात नाही.