टेलिकॉम राउटरच्या पोर्टवरचं क्लॉक सिंक आणि लिंक बंडल

दोन राउटरमध्ये चार फायबर लिंक टाकून त्यांचा मिळून एक मोठा पाइप करतात त्याला लिंक बंडल किंवा लॅग म्हणतात, आणि त्याच लिंकवरून शेजारच्या राउटरचं घड्याळ उचलून आपलं त्याच्याशी जुळवून घेणं म्हणजे क्लॉक सिंक. दोन्ही गोष्टी एकाच पोर्टवर चालतात, पण डेटासाठी त्या चार लिंकचा एक इंटरफेस होतो आणि घड्याळासाठी त्या चारच राहतात. बरीचशी दुखणी इथूनच येतात.

आधी जुना ई-वन बघू, म्हणजे फोनच्या जाळ्यातली ठरावीक वेगाची डिजिटल लाइन. २.०४८ एमबीपीएस, ३२ टाइमस्लॉटची एक फ्रेम, सेकंदाला अशा ८००० फ्रेम, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदाला एक. दोन टोकांची घड्याळं थोडी जरी मागंपुढं असली तरी बफर भरत जातो किंवा रिकामा होत जातो आणि शेवटी एक अख्खी फ्रेम गळते नाहीतर दोनदा जाते, ह्याला स्लिप म्हणतात. दोन्हीकडे अणुघड्याळाच्या दर्जाचं क्लॉक असेल तर अशी स्लिप साधारण ७२ दिवसांत एखादी, पण दोन्हीकडे नुसतं ४.६ पीपीएमचं (दशलक्षात ४.६ भाग चुकू शकणारं) क्लॉक मोकळं सोडलं आणि एक पुढं, एक मागं पळालं तर दर १३-१४ सेकंदाला एक. बोलताना मध्येच टक् असा आवाज येतो तो ह्यामुळे, आणि फॅक्सवर तर ओळीच बिघडतात.

इथरनेटला हे काही लागतच नव्हतं, प्रत्येक पोर्टचं स्वतःचं क्रिस्टल, १०० पीपीएमपर्यंत चूक चालायची. मग मोबाइल टॉवर ई-वनवरून इथरनेटवर आले आणि घड्याळाची साखळीच तुटली, कारण मोठ्या टॉवरला हवेतली फ्रिक्वेन्सी अब्जात ५० भागांच्या आत लागते. म्हणून आयटीयू ह्या दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जी.८२६१ पासूनच्या शिफारशींमध्ये सिंक-ई (सिंक्रोनस इथरनेट) आणलं, ह्यात येणाऱ्या बिटांच्या ठेक्यातूनच फ्रिक्वेन्सी उचलतात, पॅकेट किती आहेत नाहीत त्याच्याशी संबंध नाही. सोबत दर सेकंदाला एक छोटा मेसेज जातो, माझं क्लॉक कुठल्या दर्जाचं आहे ते सांगणारा, आणि ५ सेकंद मेसेज आला नाही तर तो सोर्स बाद. गंमत म्हणजे बंडल सांभाळणारा एलएसीपी आणि हा मेसेज दोघं एकाच स्लो प्रोटोकॉल कुटुंबातले, एकाच इथरटाइपवर (फ्रेममधला प्रकार सांगणारा क्रमांक) जातात.

आता मुख्य मुद्दा. ज्या पोर्टवरून क्लॉक घेतलं त्याच पोर्टवर उलट 'माझं क्लॉक वापरू नको' असं सांगायचं असतं, त्याला डीएनयू म्हणतात. समजा बंडलमधल्या पोर्ट १ वरून क्लॉक घेतलं तर डीएनयू फक्त पोर्ट १ वर जातो आणि पोर्ट २ वरून आपण शेजाऱ्याला त्याचंच क्लॉक चांगल्या दर्जाचं म्हणून परत देत राहतो. शेजाऱ्याचा मूळ सोर्स गेला आणि त्याच्याकडे पोर्ट २ यादीत असेल तर तो ते उचलतो, झाला टायमिंग लूप. दोघं एकमेकांना धरून हळूहळू भरकटत जातात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्क्रीनवर दोन्हीकडे 'लॉक्ड' दिसतं, अलार्म एकही नाही! मी हे एका रिंगवर बघितलंय, सापडायला फार वेळ गेला कारण सगळे केबल आणि कार्डच तपासत बसले होते. ह्याला उपाय आयटीयूच्या जी.७८१ मध्येच दिलाय, ते पोर्ट सिंकसाठी एका गटात टाकायचे म्हणजे एकावरून क्लॉक घेतलं की गटातल्या सगळ्यांवर डीएनयू जातो. लॅग केलं म्हणून हा गट आपोआप झाला असेल असं धरून चालू नये, कमांड वेगळी असू शकते.

पीटीपीचं, म्हणजे पॅकेटवर वेळेचा शिक्का मारून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीचं, प्रकरण वेगळंच. भारतातलं ३.३ गिगाहर्ट्झ बँडचं ५जी टीडीडी आहे, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने, त्याला फ्रिक्वेन्सीबरोबर वेळही ±१.५ मायक्रोसेकंदाच्या आत लागते. पीटीपी धरून चालतं की जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, पण आयपीवरून जाणारं पीटीपी लॅगवर आलं की हॅश (पॅकेटमधल्या पत्त्यांवरून लिंक निवडणारं गणित) ठरवतो कुठल्या लिंकने जायचं, जाताना एक आणि येताना दुसरी मिळू शकते. फायबरमध्ये एका मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, दोन लिंकमध्ये २०० मीटरचा फरक असला तर एक मायक्रोसेकंद, त्याचा निम्मा म्हणजे ५०० नॅनोसेकंद चूक थेट वेळेत शिरते. जी.८२७५.१ प्रोफाइलमध्ये पीटीपी प्रत्येक फिजिकल पोर्टवर चालतं, हॅशच्या हाती काही राहत नाही, पण मग फायबरच्या जोडीतल्या जाण्या-येण्याच्या लांबीतला फरक बंडलमधल्या प्रत्येक लिंकसाठी वेगवेगळा मोजून पोर्टवर भरावा लागतो, आणि एखादा पॅचकॉर्ड बदलला की परत.