जोन्स, ई. फे

जोन्स, ई. फे : (३१ जानेवारी १९२१–३० ऑगस्ट २००४). अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ व अध्यापक. जन्म आर्कान्सा राज्यातील पाइन ब्लफ येथे. बालपण एल डोराडो गावात. शाळकरी वयात ख्यातनाम अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांच्या जॉन्सन वॅक्स इमारतीवरचा लघुपट पाहिला आणि मुलाची वाट ठरली. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात वैमानिक होते. युद्धानंतर आर्कान्सा विद्यापीठात नव्याने सुरू झालेल्या वास्तुकला विभागाच्या पहिल्या तुकडीतून १९५० मध्ये पदवी मिळवली. १९५३ च्या उन्हाळ्यात खुद्द राइट यांच्या टॅलिएसिन या निवासी कार्यशाळेत राहण्याची संधी मिळाली. त्याच वर्षी ते आपल्याच विद्यापीठात शिकवायला फेएटव्हिल येथे आले आणि कायमचे तिथलेच झाले. मोठ्या शहरांची ओढ त्यांना लागली नाही. तिथल्या ओझार्क डोंगरातला दगड, लाकूड आणि उतार एवढ्यावर त्यांनी मुख्यतः घरे बांधली.

त्यांची कीर्ती देशभर पोहोचवली ती युरेका स्प्रिंग्जजवळच्या थॉर्नक्राउन चॅपेलने (१९८०). जिम रीड या निवृत्त शिक्षकाच्या जागेतून डोंगर पाहायला वाटसरू थांबत. त्यांना हटकण्याऐवजी त्यांच्यासाठी रानातच प्रार्थनागृह उभारावे, असे रीड यांना वाटले. झाडे तोडावी लागू नयेत म्हणून जोन्स यांनी एक अट घालून घेतली : दोन माणसांना रानवाटेने उचलून नेता येणार नाही असे काहीही वापरायचे नाही. ६० फूट लांब, २४ फूट रुंद, ४८ फूट उंच अशी ही वास्तू पाइनच्या साध्या, बारीक लाकडांची आहे. भिंतींच्या जागी काचा. पॅरिसच्या सेंट-शापेल या मध्ययुगीन प्रार्थनागृहात भिंतींवरचा रेटा बाहेरचे दगडी आधार पेलतात. इथे तोच रेटा आतल्या, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या लाकडांनी बांधून धरला आहे. लाकडे जिथे छेदतात तिथल्या पोलादी जोडात शंकरपाळ्याच्या आकाराची पोकळी राखली आहे आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो. लाकडाला हाताने चोळून दिलेला करडा रंग भोवतालच्या सालींशी इतका जुळतो की खांब कुठे संपले आणि झाडे कुठे सुरू झाली, ते संध्याकाळी सांगता येत नाही. विसाव्या शतकातल्या अमेरिकन वास्तूंत इतकी नितळ रचना विरळाच.

१९९० मध्ये अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. विद्यापीठातील वास्तुकला विद्यालयाला आता त्यांचेच नाव आहे. बेला व्हिस्टा येथील कूपर चॅपेल (१९८८) व मिसिसिपीतील पाइनकोट मंडप (१९८७) ही त्यांची इतर उल्लेखनीय कामे. पाइनकोटचे छप्पर कडेकडे विरळ होत जाते आणि टोकाला आकाशावर नुसत्या लाकडांच्या रेघा उरतात.