राष्ट्राच्या समृद्धीची चर्चा आणि वऱ्हाडचा कापूस : पार्श्वभूमी

नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूरला उद्योजकांची परिषद भरली की वीज स्वस्त द्या, जमीन लवकर द्या आणि परवान्यांचा जाच कमी करा, या मागण्या हमखास पुढे येतात. त्या गैर नाहीत. मात्र देश समृद्ध कसा व्हावा याविषयी भारतीय उद्योजकांनी चालवलेली चर्चा या मागण्यांपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे काही महत्त्वाचे टप्पे विदर्भात घडलेले आहेत. त्या चर्चेकडे मागे वळून पाहताना कापूस पिकवणाऱ्या गावातल्या माणसाला एक प्रश्न सतत टोचतो : वावरातून निघालेल्या मालाची किंमत पुढे ज्या ज्या टप्प्यावर वाढते, ती वाढ राहते कुठे?

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले ते फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी. त्याचे खरे मोल इंग्रजांना पटले ते १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस त्या वर्षांत आटला, इकडचे भाव चढले, आणि शेतकऱ्यांनी ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावली. युद्ध संपताच भाव कोसळले, तरी रेल्वेची कामे थांबली नाहीत. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मार्ग, आमच्याकडची ‘शकुंतला’, ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीने धावता केला. या सर्व मार्गांवरून कापूस मुंबई बंदराकडे जात होता. व्यापाराला शिस्त हवी म्हणून कारंजा लाड येथे १८८६ मध्ये नियमन असलेली कापूस बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समितीचे मूळ तिथे आहे. या नियमांनी मापातला आणि भावातला गोंधळ बराच कमी केला, परंतु कापूस पिकतो तिथेच त्याचे कापड का होऊ नये, हा विचार त्यांच्या कक्षेत येणारा नव्हता.

तो विचार एका व्यापाऱ्याने केला. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणी काढायची तर मुंबईत, असे मानले जाण्याच्या त्या काळात कापसाच्या मुलखात, रेल्वेच्या आणि कोळशाच्या जवळ गिरणी काढणे हा त्यांचा स्वतंत्र हिशेब होता. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी भरून घेतली. मातीत सोने घालण्याचा हा उद्योग आहे असे म्हणून एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारले, आणि पुढे त्यानेच, टाटांनी माती घालून सोने काढले, अशी कबुली दिली, ही गोष्ट टाटांच्या चरित्रांत सांगितलेली आहे. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी आणि अपघाताची भरपाई या गोष्टी या गिरणीने एकोणिसाव्या शतकातच सुरू केल्या. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे वजन कळते. ही गिरणी १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. नागपूरच्या आसपासच्या कितीतरी गावांतली माणसे तिथल्या भोंग्यावर पोसली गेली होती, त्यामुळे तिच्या बंद होण्याचे दुःख शहरापुरते राहिले नाही.

लोखंडाच्या बाबतीत विदर्भाची संधी थोडक्यात हुकली. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाविषयी रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजींच्या वाचनात आला आणि देशी पोलादाची कल्पना त्यांच्या मनात रुजली; पण वरोऱ्याचा कोळसा तपासणीत त्या कामाला उतरला नाही आणि खाणकामाच्या अटीही जाचक होत्या. पुढे दोराबजी टाटा नागपूरला सचिवालयात गेले असता वाट पाहण्याच्या वेळात जवळच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे टांगलेल्या भूगर्भाच्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातले लोहखनिज दिसले. पोलादाचा कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला.

या काळात विचारवंतही गप्प नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० च्या दशकात, देश कच्चा माल पिकवणारा म्हणूनच उरला तर तो दरिद्रीच राहील, हे ठामपणे मांडले. १९०५ पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक परिषद भरू लागली आणि १९२७ मध्ये भारतीय व्यापारी-उद्योजकांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. या व्यासपीठांवर मुख्य भांडण परक्या राज्यकर्त्यांशी होते, आणि ते तसे असणे साहजिक होते. देशातल्या देशात गाव आणि शहर यांच्यात संपत्ती कशी वाटली जावी, हा विषय मात्र पुढे ढकलला गेला.

तो विषय ऐरणीवर आणला वर्ध्याने. जमनालाल बजाज १८८९ मध्ये राजस्थानातल्या सीकरकडच्या एका खेड्यात जन्मले आणि वर्ध्याच्या बच्छराज शेठांच्या घराण्यात दत्तक आले. कापसाचा व्यापार त्यांच्या हाताखालून जात होता. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्यानंतर त्यांनी रायबहादूर ही पदवी परत केली, आणि १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. धनिकाने आपली संपत्ती समाजाच्या वतीने सांभाळावी, हा गांधीजींचा विश्वस्त वृत्तीचा विचार त्यांनी व्यवहारात उतरवून पाहिला. त्यांना यंत्राचे वावडे नव्हते, कारण १९३१ मध्ये गोला गोकर्णनाथ येथे त्यांनीच साखर कारखाना काढला होता. आपल्या वर्ध्याच्या बागेची जागा मात्र त्यांनी ग्रामोद्योगांना दिली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि ती बाग मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली.

मगनवाडीचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीस म्हणून शिकलेले होते, आणि त्यांच्या मांडणीची ताकद त्या शिक्षणात आहे. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, धूर कमी करणारी मगनचूल अशा प्रत्येक वस्तूला त्यांनी एकच कसोटी लावली : तिच्या किमतीतला किती वाटा गावात मजुरी म्हणून राहतो. १९३८-३९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले आणि त्या समितीने सहाशेवर खेडी पाहिली. गाव प्रत्यक्ष पाहून, मोजून समृद्धीची भाषा करण्याचे या प्रांतातले ते मोठे काम आहे. त्याची आठवण आज फारशी कुणाला नाही, याची खंत वाटते. मगनवाडीच्या मार्गाची मर्यादाही स्वच्छ सांगितली पाहिजे. खादीला आणि हातच्या मालाला गिरणीच्या भावाशी टक्कर देता आली नाही, आणि पुढच्या काळात तो उद्योग अनुदानावर अवलंबून राहिला.

१९४४ हे वर्ष या इतिहासात मध्यभागी येते. त्या जानेवारीत जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, अर्देशिर दलाल, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई या आठ जणांनी ‘मुंबई योजना’ प्रसिद्ध केली. पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करायचे आणि त्यासाठी १०,००० कोटी रुपये गुंतवायचे, असे तिचे उद्दिष्ट होते. त्या रकमेपैकी उद्योगांना ४,४८० कोटी आणि शेतीला १,२४० कोटी ठेवले होते. देशात ज्यांचे कारखाने होते त्यांनीच सरकारी नियंत्रण आणि नियोजन मान्य करावे, ही गोष्ट त्या वेळी जगात विरळ होती. योजनेच्या दुसऱ्या भागात उत्पन्नाच्या वाटपाचाही विचार आला. माणशी किमान गरजा मोजताना तिच्या कर्त्यांनी वर्षाला ३० वार कापड धरले होते. हे कापड ज्या कापसाचे होणार त्याच्या शेतकऱ्याला भाव काय पडेल, या अंगाने मात्र ती योजना वऱ्हाडातल्या वाचकाला अपुरी वाटते.

उत्तर त्याच वर्षी वर्ध्यातून गेले. तिथल्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल, जमनालालजींचे जावई, यांनी गांधीवादी योजना लिहिली आणि गांधीजींनी तिला प्रस्तावना दिली. तिचा आकार ३,५०० कोटींचा होता व त्यात शेतीला १,१७५ कोटी होते, म्हणजे एकूण रकमेचा तिसरा हिस्सा. मुंबई योजनेत तो आठवा हिस्सा होता. तिच्याविषयी एक गैरसमज अजून ऐकू येतो की तिने मोठे उद्योग नाकारले. प्रत्यक्षात मोठ्या आणि मूलभूत उद्योगांसाठी तिने १,००० कोटी धरले होते आणि ग्रामोद्योगांसाठी ३५० कोटी. ग्रामोद्योगाला भांडवल कमी लागते आणि हात जास्त लागतात, हे गृहीत त्यामागे होते. मुंबई आणि वर्धा यांच्यातला मतभेद कारखाना असावा की नसावा इतका सोपा नव्हता. गावाचे उत्पन्न आधी वाढवायचे की उद्योग वाढले म्हणजे ते आपोआप वाढेल, यावर तो होता.

या मतभेदाचा अर्थ जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात उभे राहिले की कळतो. बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, झाला, गाडी काट्यावर गेली, आणि क्विंटलभर कापूस रेच्यातून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रातून, निघाला की साधारण ३४ किलो रुई हाती येते. उरलेल्यात थोडी घट जाऊन बाकी सरकी असते. रुई दाबून १७० किलोची गठाण बांधली जाते आणि ती बहुधा विदर्भाबाहेरच्या सूतगिरणीची वाट धरते. सरकी तेलाच्या घाण्यावर जाते, तेल बाजारात जाते, आणि सरकीची ढेप, म्हणजे पेंड, त्याच शेतकऱ्याला आपल्या म्हशीसाठी रोख मोजून आणावी लागते. वेचणीला वाकलेल्या बाईची मजुरी किलोवर ठरते आणि सूत, कापड, शिलाई या पुढच्या कोणत्याही टप्प्यावर वाढलेल्या किमतीतले तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याने यावर जो उपाय केला तो भावाचा होता. १९७१ च्या कायद्याने एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त राज्यानेच विकत घेण्याची योजना, आली, १९७२ पासून ती अमलात आली आणि तीसेक वर्षे रेंगाळत चालली. तिने हमी दिली, पण शेतकऱ्यांचे चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, रखडले आणि तोटा साचत गेला. जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या सहकारी सूतगिरण्यांपैकी पुष्कळ बंद पडल्या. १९८० च्या दशकात शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या सभांतून, शेतीमालाचा भाव पाडून शहरी भांडवल जमवले जाते, हा आरोप आकड्यांनिशी केला, आणि विदर्भाने त्यांना मोठी साथ दिली. उद्योजकांच्या चर्चेत जो पक्ष कधी बसवला गेला नव्हता तो अशा रीतीने रस्त्यावर येऊन बोलला. १९९१ नंतर उद्योजकांचे लक्ष परदेशी स्पर्धेकडे वळले. १९९३ मध्ये ‘बॉम्बे क्लब’ या नावाने ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींनी स्पर्धेच्या अटी सर्वांना सारख्या असाव्यात असा आग्रह धरला, आणि त्यात जमनालालजींचे नातू राहुल बजाज आघाडीवर होते.

आजच्या चर्चेचा विषय आहे नांदगाव पेठ. केंद्र सरकारच्या पीएम मित्र योजनेत देशात मंजूर झालेल्या सात वस्त्रोद्योग उद्यानांपैकी एक अमरावतीजवळ तिथे होत असून त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वर्ध्यातील कार्यक्रमात झाली. सुमारे १,००० एकरांवर सूत, कापड, रंगाई आणि तयार कपडे एकाच ठिकाणी आणण्याचा हा बेत आहे, आणि जमशेटजींनी १८७४ मध्ये केलेल्या हिशेबाशी तो जुळतो. गावाला त्यात जागा मिळण्याचा एक मार्ग कायद्याने आधीच उघडलेला आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली, तिचे सभासद शेतकऱ्यांसारखे उत्पादकच असतात आणि साधारणतः ज्याला त्याला एकच मत असते. अशी कंपनी जिनिंग चालवू शकते आणि रुई थेट उद्यानातल्या गिरणीला विकू शकते. अडचण खेळत्या भांडवलाची आहे. कापसाचा पैसा शेतकऱ्याला काट्यावरच हवा असतो, कारण दुकानदाराची उधारी दिवाळीपासून थांबलेली असते. गठाणींचे पैसे मात्र आठवड्यांनी येतात, आणि तारण नाही म्हणून बँक मधली रक्कम देत नाही. त्यामुळे खेडा खरेदी करणारा व्यापारी रोकड घेऊन दारात उभा राहिला की सभासद आपल्याच कंपनीला सोडून त्याला माल देतो. उद्यानात येणाऱ्या गिरण्यांनी हंगामापूर्वी अशा कंपन्यांशी खरेदीचे करार केले आणि त्या कराराच्या आधारावर बँकांनी कर्ज दिले, तर ही अडचण सुटण्यासारखी आहे. नागपूर-अमरावतीच्या पुढच्या उद्योजक परिषदेत विजेच्या दराइतकाच वेळ या कराराच्या मसुद्याला मिळायला हवा, आणि तो ठरवताना उत्पादक कंपन्यांचे प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसलेले असायला हवेत.