जड धातू, फॅटी लिव्हर आणि नावांचा घोळ

शिसं, पारा, कॅडमियम यांसारख्या जड धातूंमुळे लिव्हरमध्ये चरबी साठू शकते का, आणि आजाराच्या नावात त्यांना जागा आहे का, हा प्रश्न आहे. यातला जुना काळ पटकन उरकतो, कारण त्यात लिव्हर फारसं नाहीच. 1786 मध्ये आर्सेनिकचं एक औषधी द्रावण आलं आणि ते पुढे विसाव्या शतकापर्यंत चाललं, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांपैकी काहींच्या लिव्हरच्या शिरेतलं प्रेशर वाढायचं, काहींना लिव्हरचा दुर्मिळ कॅन्सरही झाला. पण गाजले ते जपानमधल्या विषबाधेचे दोन प्रकार. मिनामाता 1956 चं, पारा, त्यात मेंदू आणि नसा. जिंझू नदीकाठचं कॅडमियम, सरकारने 1968 मध्ये मान्य केलं, त्यात हाडं आणि किडनी. खरं तर शरीरात आलेलं कॅडमियम आधी लिव्हरमध्येच जातं, तिथे मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन (1957 मध्ये सापडलं, तेही घोड्याच्या किडनीत) त्याला धरून ठेवतं आणि मग ते हळूहळू किडनीकडे सरकतं. थोडक्यात लिव्हर म्हणजे गोदाम, अशी समजूत पक्की झाली आणि गोदामाचं काय बिघडतं हे बघायला कोणी गेलंच नाही.

चरबीचा विषय उशिरा आला. 1980 मध्ये दारू न पिणाऱ्यांच्या चरबी साठलेल्या लिव्हरला नाव मिळालं "नॉन-अल्कोहोलिक", म्हणजे काय आहे ते नाही, काय नाही ते सांगणारं नाव. पण या ढिल्या नावाचा एक फायदा होता, त्यात धातूंना निदान उभं राहायला जागा होती. 2010 मध्ये व्हिनाइल क्लोराइडच्या (प्लॅस्टिक बनवायचं रसायन, हा धातू नाही, पण मुद्दा तोच) कामगारांवर एक पेपर आला, माणसं लठ्ठ नाहीत, तरी लिव्हरमध्ये चरबी आणि सूज, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांचं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एंझाइम) नॉर्मल. त्यातून "विषारी घटकांमुळे होणारं फॅटी लिव्हर" असा वेगळा शब्द निघाला. तेव्हाच अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्य सर्वेच्या आकड्यांमधून रक्तातलं शिसं, पारा आणि वाढलेलं एसजीपीटी यांचा संबंध दिसायला लागला, 2013 मध्ये लघवीतलं कॅडमियम आणि पुरुषांमधलं फॅटी लिव्हर यांचाही.

मग 2023. नाव बदललं. "नॉन-अल्कोहोलिक" आणि "फॅटी" हे दोन्ही शब्द अपमानास्पद वाटतात असं मत घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचं पडलं, ते ठीकच आहे. पण नवीन नावात "मेटाबॉलिक" शब्द पुढे आला आणि अट अशी की लिव्हरमध्ये चरबी हवी आणि वजन, शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) यापैकी एक तरी बिघडलेलं हवं. इतर कारणांच्या कप्प्यात औषधं आहेत, हिपॅटायटिस सी आहे, कुपोषण आहे, जनुकीय आजार आहेत. त्यात विल्सनचा आजार आहे, म्हणजे जनुकामुळे साठलेलं तांबं चालतं पण बाहेरून आलेल्या कॅडमियमला स्वतःचा कप्पा नाही!

मला हा निर्णय घाईचा वाटतो, कारण यात गोल फिरणं आहे. शिसं दिलेल्या उंदरांमध्ये लिव्हरचं कोलेस्टेरॉल बनवणं वाढतं आणि त्याचं पित्तात रूपांतर करणारं एंझाइम दबतं, कॅडमियम पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतं म्हणजे चरबी जाळायची भट्टीच मंदावते. आता समजा हेच माणसात होऊन ट्रायग्लिसराइड वाढलं, तर तो पेशंट त्याच वाढलेल्या ट्रायग्लिसराइडमुळे "मेटाबॉलिक" ठरणार, आणि एकदा ठरला की धातूबद्दल कोण विचारतंय? उलट बाजूही आहे हे मान्य, सर्वेतला संबंध म्हणजे कारण नव्हे, आजारी लिव्हर धातू वेगळ्या पद्धतीने साठवत असेल, आणि सिगरेटमधून कॅडमियम येतं त्यामुळे कोणाचा दोष कोणाच्या माथी जातोय हे सुटं करणं अवघड.

"जड धातू" या शब्दाचंही तसंच आहे, 2002 मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या एका अहवालाने तो निरर्थक ठरवला, आर्सेनिक तर धड धातूही नाही, तरी शब्द चालूच आहे.

2017 पासून अमेरिकेतल्या त्याच आरोग्य सर्वेत लिव्हरचं स्कॅन सुरू झालं, त्यामुळे चरबी आता एसजीपीटीवरून अंदाजाने नाही तर थेट मोजता येते. रक्तातलं शिसं मात्र मुख्यतः गेल्या काही आठवड्यांचाच हिशोब देतं, हाडातलं दशकांचं शिसं त्यात नीट दिसत नाही, आणि लिव्हरचा हा आजार तर वर्षानुवर्षं चालतो.