बटेरीच्या अंड्यांना कोंबडीचं कॅलेंडर लावू नका

कोंबडीची अंडी उबवण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, तीच माणसं बटेरीच्या अंड्यांपाशी येऊन अडखळतात. तक्रार जवळजवळ शब्दशः तीच असते: तापमान बरोबर होतं, पाणी वेळेवर घातलं, 18व्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायला झाकण उघडलं तर आत पिल्लं आधीच बाहेर आलेली, काही टर्नरच्या, म्हणजे अंडी फिरवणाऱ्या यंत्राच्या, खाचेत अडकून मेलेली. मग दोष इन्क्युबेटरला दिला जातो, नाहीतर अंडी देणाऱ्याला. खरा दोष त्या 18 आकड्याचा असतो.

कोंबडीचं गणित तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये 37.5 ते 37.7 अंश सेल्सिअस, आर्द्रता साधारण 45 ते 50 टक्के, दिवसातून निदान तीनदा फिरवणं, 18व्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70, आणि 21व्या दिवशी पिल्लं. यातले तापमानाचे आणि आर्द्रतेचे आकडे बटेरीलाही तेच चालतात. त्यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी तो वेळ पुढच्या मुद्द्याला द्यावा.

जपानी बटेरीचं पिल्लू 17 ते 18 दिवसांत बाहेर येतं. तापमान किंचित वर राहिलं तर 16वा दिवस संपताच पहिली टरफलं फुटू लागतात. म्हणजे कोंबडीवाला ज्या दिवशी तयारीला लागतो, त्या दिवशी बटेरीचं काम उरकलेलं असतं. मुळात नियम ‘18वा दिवस’ असा नाहीच. नियम आहे ‘पिल्लू बाहेर यायच्या तीन दिवस आधी’. कोंबडीसाठी तो 18वर येतो, जपानी बटेरीसाठी 14वर. आकडा पाठ केला आणि त्यामागचं कारण सोडून दिलं की असा घोळ होतो.

कारण असं आहे. शेवटच्या दिवसांत पिल्लू अंड्यात आपली जागा घेतं: डोकं बोथट टोकाकडे, चोच हवेच्या कप्प्याकडे. आधी ते आतला पापुद्रा फोडून त्या कप्प्यातली हवा घेतं, मग टरफलाला टोच मारतं. या वेळी अंडं शांत पडून राहायला हवं. फिरवण्याचा मोठा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत असतो, गर्भ टरफलाच्या आतल्या बाजूला चिकटू नये म्हणून. दोन आठवडे झाल्यावर एखादा दिवस लवकर थांबलात तर काही बिघडत नाही. उशिरा थांबलात तर पिल्लं जातात. म्हणून शंका आली की लवकर थांबा, यात मला दुसरं मत मान्य नाही.

दुसरी चूक दिवस मोजण्यात होते. अंडी ठेवली तो दिवस पहिला नव्हे, शून्य. चोवीस तास पुरे झाले की एक दिवस. सोमवारी संध्याकाळी ठेवली तर मंगळवारी संध्याकाळी एक दिवस झाला. 21 दिवसांच्या कोंबडीत एखाद्या दिवसाची चूक खपून जाते, 17 दिवसांत ती महागात पडते. सोपी खूण लक्षात ठेवा: ज्या वारी ठेवली, दोन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी टर्नर बाहेर काढायचा. सोमवारची अंडी गुरुवार-शुक्रवारी फुटतात.

त्यातही ‘बटेर’ एवढं सांगून भागत नाही. बॉबव्हाइट जातीला 23 ते 24 दिवस लागतात, म्हणजे ती कोंबडीच्याही मागे. इवलीशी बटन बटेर 16 दिवसांच्या आसपास उरकते. अंडी घेताना जात विचारून घ्या. ‘बटेरीची आहेत’ हे उत्तर अपुरं आहे.

कोंबडीच्या सवयीमुळे आणखी एक फसगत होते. कोंबडीच्या अंड्याला भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बऱ्याचदा 12 ते 24 तास जातात, त्यामुळे माणूस निवांत असतो. बटेरीचं काम झटपट. आधी अंडं जागच्या जागी हलतं, मग बोथट बाजूला बारीक तडा दिसतो. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग पिल्लू गोल फिरत टरफल कापत जातं. टोपी बिजागरीवर उघडावी तशी उचलली जाते आणि ओलं पिल्लू बाहेर पडतं. कापायला लागल्यापासून हे बहुधा काही मिनिटांत आटोपतं. शिवाय ही पिल्लं एकमेकांना सावरून घेतात. टरफलाच्या आतून ती टकटक असे आवाज करतात आणि एकमेकांना टेकलेल्या अंड्यांमध्ये मागे पडलेली पिल्लं त्यामुळे घाई करतात. मार्गारेट व्हिन्स या संशोधिकेने 1960च्या दशकात बटेरीवर याचे प्रयोग केले होते. म्हणून 14व्या दिवशी अंडी आडवी, एकमेकांना खेटून ठेवा. एक फुटलं की थोड्याच वेळात रांग लागते.

आणि तेव्हा झाकण उघडू नका. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. कोंबडीचं अंडं साठेक ग्रॅमचं, बटेरीचं दहा-बारा ग्रॅमचं. एवढं लहान अंडं लगेच थंड होतं. दमट हवा बाहेर गेली की फोडलेल्या टरफलातला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि त्याला फिरताच येत नाही. मग लोक ‘मदत’ म्हणून टरफल सोलतात, आणि बेंबीशी रक्त येऊन ते पिल्लू मरतं. तसंच आर्द्रता वाढवायला हवेची भोकं बंद करणं ही वाईट सवय सोडा. बाहेर येणाऱ्या पिल्लांना सर्वांत जास्त हवा याच वेळी लागते. ओलावा हवा असेल तर पाण्याचा पसरटपणा वाढवा, ओला स्पंज ठेवा.

पहिल्या दोन आठवड्यांत उलट पाणी फार होतं. ‘जास्त दमट म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. अंड्यातलं थोडं पाणी उडायलाच हवं, तरच हवेचा कप्पा पुरेसा मोठा होतो. कोंबडीचं अंडं टॉर्चसमोर धरून हे कळतं. बटेरीच्या टरफलावरचे तपकिरी डाग प्रकाश अडवतात, त्यामुळे टॉर्चवर विसंबू नका. सगळी अंडी एकदम वजनकाट्यावर ठेवा, पहिल्या दिवशी आणि मग दर चार-पाच दिवसांनी. पिल्लं फुटायच्या वेळेपर्यंत सुमारे 11 ते 13 टक्के वजन घटलं पाहिजे. घट कमी पडत असेल तर पाणी कमी करा.

बाकीचे फरक किरकोळ. टर्नरला लहान खाचा हव्यात. पंखा नसलेल्या पेटीत थर्मामीटर अंड्याच्या वरच्या कडेच्या पातळीला हवा, आणि बटेरीचं अंडं बुटकं असल्याने तो खाली आणावा लागतो. तिथे 38.3 ते 38.9 अंश दिसले पाहिजेत. अंडी धुऊ नका, सात दिवसांपेक्षा जुनी ठेवू नका. जपानी बटेर स्वतः खुडूक बसेल या आशेवर राहू नका, पाळीव मादी क्वचितच बसते.

पिल्लांसाठी पाण्याच्या भांड्यात खडे किंवा गोट्या टाका, कारण उथळ पाण्यातही ती बुडतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य प्रथिनांना कमी पडतं, बटेरीच्या पिल्लांना 24 टक्क्यांच्या वर लागतं.

दोन्ही अंडी एकाच इन्क्युबेटरमध्ये ठेवायची हौस असेल तर कोंबडीची ठेवल्यावर चार दिवसांनी बटेरीची ठेवा, म्हणजे दोन्हींचं फिरवणं एकाच दिवशी थांबतं. मी मात्र तसं करत नाही आणि सुचवतही नाही. कोंबडीची पिल्लं बटेरीच्या ओल्या पिल्लांना तुडवतात, आणि कोंबडीचे काही रोग बटेरींना लागतात. वेगळा इन्क्युबेटर नसेल तर आधी एक खेप पूर्ण होऊ द्या, पेटी धुऊन निर्जंतुक करा, मगच दुसरी अंडी ठेवा.